आभार नंतर, आधी गाऱ्हाणं: ताणाच्या दिवसांत समाधान शिकायचा क्रम

आमच्या घरसभेत (घरी भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत) वर्षातून दोनतीनदा तरी कुणीतरी वही दाखवतं. पहिल्या पानावर "देवाचे आभार" असा मथळा, खाली एक ते दहा मुद्दे. दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी चार. आठवड्यानंतर त्याच वहीत दूधवाल्याचा हिशेब. मग तो माणूस खाली मान घालून म्हणतो, "माझाच विश्वास कमी पडतोय."

विश्वास कमी पडत नसतो, क्रम चुकलेला असतो. हप्ता थकलाय, आई आजारी आहे, मुलीचा निकाल लागायचाय, आणि आपण थेट आभारांपासून सुरुवात करतो. ओल्या भिंतीवर रंग लावल्यासारखं होतं ते, आठ दिवसांत पोपडे निघतात.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस पत्रात (४:११, म्हणजे अध्याय ४, वचन ११) संतुष्ट राहण्याबद्दल लिहिताना "शिकलो" असं म्हटलंय, आणि तेही कैदेत असताना. जे शिकावं लागतं त्याला पायऱ्या असतात आणि वेळ लागतो. खालच्या टप्प्यांना मी चार आठवडे धरते. प्रोटेस्टंट, कॅथलिक, कुणालाही चालतील.

## सुरुवातीआधीची तयारी

शंभर पानी साधी वही, पेन आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. मोबाइलवरचं शास्त्र यासाठी नको, कारण वचन शोधता शोधता सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याचा वाद वाचून होतो.

रोज वीस मिनिटं. पहाटेच हवीत असं नाही. रात्रपाळी करणाऱ्याने पहाटेची प्रार्थना जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसू नये, त्याने दुपारी उठल्यावर बसावं. जागा मात्र ठरलेली हवी, आणि अंथरुणावर नको.

एक सोबती शोधा. आठवड्यातून एकदा अर्धा तास, चहावर. नवरा किंवा बायको शक्यतो नको, कारण निम्मी ओझी दोघांची सारखीच असतात आणि बोलणं हिशेबावर घसरतं. ऐकलेलं पोटात ठेवणारं माणूस हवं. तुम्ही सांगितलेली गोष्ट पुढच्या रविवारी "प्रार्थना विनंती" म्हणून चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर वाचली गेली, तर तुम्ही पुन्हा तोंड उघडणार नाही.

थांबा, आधी हे तपासा. दोन आठवडे किंवा जास्त दिवस सतत उदास वाटतंय, झोप-भूक गेलीय, कशातच मन लागत नाही, किंवा जगू नये असं वाटतंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे. मार सोसत राहण्याला कुणी "ख्रिस्ती समाधान" म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा उपदेशक असो.

## टप्पा १: आधी झोप आणि जेवण (पहिले तीन दिवस)

१ राजे १९ उघडा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत त्याला उपदेश करत नाही, रागावत नाही. भाकरी आणि पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांच्या चालीनंतर, होरेबच्या गुहेत.

म्हणून पहिले तीन दिवस वही उघडायची नाही. रोज नेहमीपेक्षा एक तास जास्त झोप आणि दोन्ही वेळचं जेवण बसून, ताटात. ओट्याशी उभं राहून मुलांच्या ताटातलं उरलेलं खाणं याला जेवण म्हणत नाहीत. हे मी आमच्या महिला मंडळात इतक्यांदा सांगितलंय की आता मी तोंड उघडलं की बायका हसतात.

नेहमीची चूक: मन अस्वस्थ आहे म्हणून लगेच तीन दिवसांचा उपास धरणं. उपासाला त्याची जागा आहे. थकून कोसळायला आलेल्या शरीरावर तो लादला की चिडचिड वाढते, आणि ती मुलांवर निघते.

## टप्पा २: तीन रकाने (पहिल्या आठवड्याचे उरलेले दिवस)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचं सगळं यावर उभं आहे.

वहीचं एक पान पूर्ण भरेपर्यंत डोक्यात जे जे वजन आहे ते लिहून काढा. वाक्यं नीट नसली तरी चालतील. मग दुसऱ्या पानावर तीन रकाने आखा. नावं शास्त्रातलीच घ्यायची.

भार. गलतीकरांस पत्र ६:५ सांगतं की ज्याने त्याने आपला भार वाहायचा. म्हणजे जे माझ्याच हातचं आहे आणि मी केलं नाही तर होणार नाही.

ओझं. त्याच अध्यायात तीनच वचनं आधी एकमेकांची ओझी वाहायला सांगितलंय. विसंगती नाही ती. मूळ ग्रीकमध्येही दोन वेगळे शब्द आहेत. ओझं म्हणजे जे माझं असलं तरी एकट्याने उचलणारं नाही.

चिंता. १ पेत्र ५:७ प्रमाणे ही देवावर टाकायची. म्हणजे जे ना माझ्या हातात, ना शेजाऱ्याच्या.

आता गंमत अशी की यादीतली एकही ओळ एका रकान्यात मावत नाही. माझ्या जुन्या वहीत एक ओळ होती, "आईचा गुडघा". तीन दिवस ती ओळ कुठे टाकावी ते कळेना. शेवटी ती फोडली:

- भार: गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेणे, जुन्या एक्स-रेची फाइल माळ्यावरून काढणे, विम्याचे कागद पाहणे.
- ओझं: ऑपरेशननंतर दहा रात्री आईजवळ कोण झोपणार?
- चिंता: ती पुन्हा जिना चढू शकेल का?

तोवर मी रात्रभर तिसऱ्याच प्रश्नाशी झटत होते आणि फाइल माळ्यावरच होती. दहा रात्रींबद्दल तर मी कुणाला विचारलंच नव्हतं, कारण "ताईंना सगळं जमतं" ही माझी मंडळीतली ख्याती. बहिणीला फोन केला, महिला मंडळातल्या दोघींना सांगितलं. सात रात्री भरल्या. तीन उरल्या त्या माझ्या.

प्रत्येक ओळ अशीच फोडा. "कर्ज" फोडा, "मुलीची बारावी" फोडा, "साहेब" फोडा. मुलीचा अभ्यास हा तिचा भार आहे, तुमचा नाही. तिला वेळेवर जेवण आणि शांत खोली देणं हा तुमचा. निकाल दोघींचाही नाही.

इथल्या दोन चुका, एकमेकींच्या उलट. पहिली: भार चिंतेच्या रकान्यात ढकलणं. वीजबिल भरलं नाही, तक्रार अर्ज लिहिला नाही, आणि म्हणायचं "प्रभूवर टाकलंय". दुसरी: चिंता भाराच्या रकान्यात ओढणं. अहवाल शुक्रवारी येणार आहे, तरी सोमवारपासून गुगलवर आजार शोधत बसणं. पहिली चूक आळशी माणूस करतो असं आपण समजतो, पण घाबरलेला माणूसही तीच करतो.

तपासणी: भाराच्या रकान्यात या आठवड्यात करण्यासारखी किमान तीन कामं आहेत का? ओझ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: गाऱ्हाणं (दुसरा आठवडा)

चिंतेचा रकाना आता देवापुढे न्यायचा. इथेच आपल्या मंडळ्यांमध्ये अडतं. लहानपणापासून साक्षी (देवाने काय केलं ते मंडळीसमोर सांगणं) ऐकून ऐकून आपल्याला एकच चाल पाठ झालेली असते: संकट आलं, प्रार्थना केली, प्रभूने सोडवलं, हालेलुया. ज्याचं संकट अजून चालू आहे त्याला बोलायला जागाच नसते. तो मागच्या बाकावर बसतो आणि "जय ख्रिस्त, सगळं ठीक" म्हणून घरी जातो.

स्तोत्र १३ हा साचा घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "किती काळ?" हा प्रश्न चार वेळा आहे. पुढच्या दोनांत मागणं आहे. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. तुमच्या चिंतेच्या रकान्यातली एकच ओळ घ्या आणि याच प्रमाणात लिहा: दोन ओळी तक्रारीच्या, दोन मागण्याच्या, दोन भरवशाच्या. रोज एक.

तक्रार खरी लिहा. "प्रभू, तुझी इच्छा असेल तसं होवो" हे दुसऱ्या दोन ओळींनंतर शोभतं. पहिल्या ओळीत ते लिहिलं तर बहुतेक वेळा ती शरणागती नसते, भिडेखातर बोललेलं असतं. पहिल्या ओळीत लिहा: "तीन मुलाखती झाल्या, तीनही ठिकाणी शेवटच्या फेरीत गेलं. अजून किती?"

शेवटच्या दोन ओळी सुचत नसतील तर कोऱ्या सोडा. दुसऱ्या दिवशी परत त्या पानावर या. एका बाईंनी अकरा दिवस त्या कोऱ्या ठेवल्या होत्या. बाराव्या दिवशी एवढंच लिहिलं: "अजून बोलतेय तुझ्याशी." तेवढं पुरतं.

सूचना: गाऱ्हाणं देवापुढे मांडायचं. तेच रोज पाच जणांना फोनवर सांगितलं तर ती कुरकुर होते आणि तिने वजन वाढतं. सोबत्याला आठवड्यातून एकदा सांगा, बस.

हा टप्पा टाळून पुढे गेलेला माणूस ओळखू येतो. तो "मी समाधानी आहे" हे जरा मोठ्याने म्हणतो. पौल स्वतः तसं करत नाही. ज्या पत्रात तो समाधानाविषयी लिहितो, त्याच पत्रात आपला सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला नसता तर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं, असंही लिहितो (२:२७).

## टप्पा ४: विनंती, मग आभार (तिसरा आठवडा)

फिलिप्पै ४:६ मध्ये विनंती आणि आभार एकत्र आहेत. विनंतीच्या जागी आभार नाहीत. हा फरक छोटा दिसतो, पण वह्या बंद पडतात त्या इथेच.

१. विनंती नेमकी लिहा. "आर्थिक आशीर्वाद दे" याऐवजी "५ तारखेच्या हप्त्यात ६,००० कमी पडतायत". तारीख घाला.

२. त्याखाली भाराच्या रकान्यातलं एक काम लिहा, जे आजच करता येईल.

३. मग आभार, जास्तीत जास्त दोन, आणि कालचे. "आरोग्य, कुटुंब, छप्पर" हे रोज लिहून त्यातला अर्थ जातो. माझ्या वहीतला एक: "लिफ्ट बंद होती, शेजारच्या मुलाने गॅसची टाकी चौथ्या मजल्यावर आणून दिली, पैसे घेतले नाहीत." दुसरा: "काल आईने स्वतः वरण ढवळलं."

तपासणी: आभार वाचून तुमचं दडपण खोटं ठरवलं जातंय का? "लोकांना तर याहून वाईट आहे" असं वाक्य लिहिलं गेलं असेल तर खोडा. दुसऱ्याच्या दुःखावर उभं केलेलं समाधान ख्रिस्ती नाही, आणि टिकतही नाही, कारण उद्या कुणीतरी तुमच्याहून सुखात दिसतंच.

याच आठवड्यात स्तोत्र १३१ वाचा, तीनच वचनं आहेत. आईजवळ शांत बसलेलं, अंगावरचं दूध तुटलेलं मूल. ज्यांनी मुलाचं दूध तोडलंय त्यांना माहीत आहे की त्या शांततेआधी किती रात्री रडारड झालेली असते.

## टप्पा ५: "पुरेसं" म्हणजे किती, ते आकड्यात (चौथा आठवडा)

नीतिसूत्रे ३० मध्ये आगूर देवाकडे दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही. रोजच्या गरजेपुरतं मागतो. आपण मात्र "पुरेसं" कधीच ठरवत नाही. मग पगार वाढला की ते आपोआप पुढे सरकतं.

कागदावर मांडा. समजा दोघांचे मिळून महिन्याला ६२,००० येतात:

- गृहकर्जाचा हप्ता २१,०००
- किराणा, भाजी, गॅस ११,०००
- शाळा आणि क्लास ९,०००
- वीज, मोबाइल, सोसायटी ५,०००
- प्रवास ४,०००
- आईची औषधं ३,०००
- दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग, अर्पण म्हणून) ६,२००

उरले २,८००. घर चालतंय, पण श्वास घ्यायला जागा नाही. अशा घरात डिसेंबर येतो. चौघांचे कपडे, केक, करंज्या-चकल्या, गावाकडच्यांना भेटी. क्रेडिट कार्डावर नाताळ साजरा होतो आणि एप्रिलपर्यंत फेडला जातो.

आता वहीत तीन शीर्षकं लिहा: पुरेसं, बरं वाटेल, दाखवायला. प्रत्येक खर्च यातल्या एकाखाली टाका. तिसऱ्या शीर्षकाखाली काय काय जातं ते पाहून घरात थोडा वाद होईल, होऊ द्या. नाताळची रक्कम ऑक्टोबरमध्येच ठरवा, बोनस हातात येण्याआधी, आणि मुलांनाही आकडा सांगा. आकडा माहीत असलेली मुलं आपल्याला वाटतं त्याहून समजूतदार वागतात.

बचतीबद्दल एक गैरसमज काढून टाका. रानात देवाने रोज दिलेलं अन्न, मान्ना, साठवला तेव्हा किडे पडले (निर्गम १६), म्हणून पैसे बाजूला टाकणं हा अविश्वास, असं काही जण शिकवतात. त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवायला सांगितलंय. आणि योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरायला लावला (उत्पत्ती ४१).

सावधान: "अमुक रकमेचं बीज पेरा, देव शंभरपट देईल" असं सांगून कुणी अर्पण मागत असेल तर १ तीमथ्य ६ उघडा. पाचव्या वचनात भक्तीला कमाईचं साधन समजणाऱ्यांना पौल काय म्हणतो ते वाचा, मगच सहावं, समाधानासह भक्ती हा मोठा लाभ, हे वचन वाचा. बहुतेक ठिकाणी सहावंच वाचलं जातं.

आणखी एक: बेरीज उणे येत असेल, म्हणजे पुरेशातच पुरत नसेल, तर तो समाधानाचा प्रश्न नाही. बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढते का ते विचारा. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे जाऊ नका. मंडळीला सांगा. आणि तुम्ही मदत मागणाऱ्याच्या जागी नसून सल्ला देणाऱ्याच्या जागी असाल, तर याकोब २:१५-१६ आठवा: उघड्या-उपाशी माणसाला "शांतीने जा" म्हणून पाठवण्याचा काही उपयोग नाही.

## टप्पा ६: मदत घेणं

इथे पुष्कळांचं घोडं अडतं, विशेषतः पुरुषांचं. "मला सर्व काही शक्य आहे" हे फिलिप्पै ४:१३ परीक्षेच्या पॅडवर, रिक्षाच्या काचेवर, जिमच्या टीशर्टवर असतं. त्याच्या पुढचं वचन कुणी छापत नाही. तिथे पौल म्हणतो की तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात हे बरं केलंत. त्या पत्रात मदत पोचल्याची पावतीच आहे म्हणा ना. समाधानी माणूस मदत नाकारतो असं कुठे लिहिलेलं नाही.

ओझ्याच्या रकान्यातली नावं काढा आणि एकेकाला नेमकं काम सांगा. "प्रार्थनेत आठवण ठेवा" हे सांगायला सोपं जातं. "मंगळवारी आणि गुरुवारी सहा ते आठ मुलांना तुमच्याकडे बसवाल का?" हे विचारायला जीभ अडखळते, पण उपयोग याचाच होतो. कुणी नाही म्हटलं तर यादीतलं पुढचं नाव घ्या. पाळकसाहेबांना किंवा फादरना सगळ्यात शेवटी नव्हे, मधेच कधीतरी सांगा.

नोकरी बदलता येत असेल तर बदला. १ करिंथ ७:२१ मध्ये पौल दासांनाही सांगतो की मोकळं होता येत असेल तर व्हा.

## चार आठवड्यांनंतर

फोनवर दुसऱ्यांचे स्टेटस पाहण्याबद्दल मी वेगळा टप्पा दिलेला नाही. झोपण्याआधी एक तास फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, एवढंच.

वही आठवड्यातून एकदा उघडत राहा, शक्यतो रविवारी संध्याकाळी. जुन्या ओळी एका रकान्यातून दुसऱ्यात गेलेल्या दिसतील. माझ्या वहीत "आईचं जिना चढणं" अजून तिसऱ्याच रकान्यात आहे. ती आता आठ पायऱ्या चढते आणि मधल्या वळणावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. ती खुर्ची तिथे कुणी ठेवली, ते अजून कळलेलं नाही.

पुन्हा कोसळलात, आणि कोसळणं होतंच, तर चौथ्या टप्प्यावरून सुरू करू नका. सरळ पहिल्यावर या: वही बंद, जेवण ताटात, एक तास जास्त झोप.